उधव्याहून, तुझ्या तपकिरी हॉलसाठी

उधवा, ता. तलासरी, जि. पालघर

चि. सोनूस,


बोरिवलीच्या नव्या घराचा हॉल तपकिरी छटांमध्ये लावायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत, आणि रंगाच्या कार्डांचे फोटो पाठवून तू विचारलंस, “मावशी, यातला कुठला घेऊ?” उत्तर फोनवर देता आलं असतं. पण ज्या मुलखात शिक्षिकेच्या नोकरीच्या निमित्ताने आले आणि कायमची राहिले, त्या मुलखाचाच हा रंग आहे. त्याविषयी जे सांगायचंय ते कार्डावरच्या नंबरात मावणार नाही, म्हणून हे पत्र. लिहितेय तुला, पण घर लावायला निघालेल्या तुझ्या मैत्रिणींनाही वाचायला दे.

आधी माझं मत सांगून टाकते. कार्डावरचा रंग सगळ्यात शेवटी निवड. त्याआधी घरात येणाऱ्या वस्तू ठरव. लाकूड कुठलं, पायाखाली काय, बसायला काय, खिडकीला काय. माती, लाकूड, बांबू, लोकर, काथ्या यांचा अंगचा रंग तपकिरीच असतो, आणि प्रत्येकाचा निराळा. या वस्तू एकत्र आल्या की भिंतीला काय हवं ते दिसायला लागतं. उलट्या टोकाने सुरुवात केली, म्हणजे भिंत आधी चॉकलेटी केली, मग तिला जुळणारं लॅमिनेट आणि लॅमिनेटला जुळणारा रेक्झिनचा सोफा आणला, तर सगळा हॉल एकाच डब्यातल्या रंगाने माखल्यासारखा होतो. तशी घरं मी पाहिली आहेत. दिवसा सुस्त वाटतात आणि रात्री पांढरी ट्यूब लावली की आजारी दिसतात.

या रंगाच्या किती छटा असतात ते शिकायला उधव्यासारखी जागा नाही. वैशाखात राब भाजलेली खाचरं काळपट पडलेली असतात आणि त्यांच्या बांधांवरचं गवत वाळून फिकट बदामी झालेलं असतं. पहिला पाऊस पडला की तीच माती एका दिवसात गडद होते. पुढचे चार महिने सगळीकडे हिरवं, आणि तपकिरी फक्त पायाखाली चिखलात. दिवाळीच्या सुमाराला भात कापून झालं की पेंढ्याचा पिवळसर तपकिरी रंग अंगणाअंगणात येतो. थंडी सरली की सागाची पानं गंजासारखी होऊन गळतात, आणि त्याच दिवसांत मोहाला तांबूस कोवळी पालवी फुटते. एकच रंग वर्षभरात इतक्या जागा बदलतो, आणि कधी कंटाळवाणा वाटत नाही, कारण त्याच्या शेजारी दर वेळी दुसरं काहीतरी उजळ असतं.

आपल्या भागातला चिकू घे. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुला ठाऊक आहे. एक पिकलेला चिकू कापून ताटलीत ठेव आणि नीट बघ. साल खरखरीत, उजेड पिऊन टाकणारी. गर ओलसर, आतून थोडा उजेड पुढे जाऊ देणारा. बी गुळगुळीत, जवळपास काळी, उजेड परत फेकणारी. तीन तपकिरी एकमेकांना लागून आहेत, पण कुणीही दुसऱ्याला झाकत नाही, कारण तिघांचा पोत वेगळा आहे. तुझ्या हॉलमध्ये छटा मोजू नकोस, पोत मोज. खरखरीत, मऊ आणि चकचकीत असे तीनही असतील तर एकाच छटेतसुद्धा खोली भरलेली वाटेल. चकचकीत मात्र सगळ्यात कमी ठेव.

आता इथल्या कुडाच्या घराबद्दल, कारण तुझा हॉल त्याच घराचा नातलग आहे. मेढी रोवतात, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्या दाटीने उभ्या करतात आणि बांबूच्या आडव्या कामट्यांनी बांधून घेतात. मग माती, शेण आणि भाताचं तूस कालवून आतून-बाहेरून लिंपतात. वर शेणाचं सारवण, आणि लग्नकार्य असलं की गेरूचा हात. कारवी सह्याद्रीत आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून मरते. तिच्या वाळक्या काठ्या वजनाला हलक्या असतात आणि चिवटही. या हलकेपणाची किंमत इथल्या लोकांना 2018 च्या नोव्हेंबरपासून पुन्हा कळली. तेव्हापासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले, लोक थंडीत घराबाहेर झोपायला लागले. विटांच्या जड भिंतींना तडे गेले की पोटात गोळा येतो. कुडाची भिंत हलते आणि पुन्हा उभी राहते. तुलाही एक सांगून ठेवते, पुस्तकांचं उंच लाकडी कपाट घेशील ते भिंतीला पट्टीने घट्ट बांधून घे. ते देखणं असलं तरी अंगावर पडायला नको.

अशा घराला खिडक्या जवळपास नसतात. उजेड येतो तो दारातूनच. आत गेलीस की क्षणभर काही दिसत नाही. मग तांबूस तपकिरी भिंत हळूहळू उमगते आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी माणसं, झाडं, बैल एकदम उठून दिसतात. पिठात फक्त पाणी घालतात. बांबूची काडी चावून तिच्या टोकाची कुंची करतात. दोनच रंग, आणि घर भरून जातं.

असं का होतं, ते मला पुढे वाचून कळलं आणि मी वर्गात मुलांना करूनही दाखवायची. तपकिरी रंग इंद्रधनुष्यात नसतो. कमी उजेडाचा नारिंगी आपल्या डोळ्यांना तपकिरी दिसतो, पण एका अटीवर, आजूबाजूला त्याच्याहून उजळ काहीतरी हवं. काळ्या कागदाची नळी करून उन्हात ठेवलेल्या विटेचा नुसता एक तुकडा त्यातून पाहिलास, बाकी सगळं झाकलंस, तर तोच तुकडा नारिंगीकडे झुकलेला दिसेल. नळी बाजूला केली की पुन्हा वीट. म्हणजे शेजारी उजळ रंग असेल तरच तपकिरी जन्माला येतो. चारही भिंती, छत, पडदे, गालिचा सगळं तपकिरी केलंस तर त्या रंगाचा आधारच काढून घेतलास. इथल्या बायका हे कुठल्या पुस्तकातून शिकल्या नाहीत, पण गेरूवर पांढरं काढायचं हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या धरून ठेवलं.

तेव्हा छत पांढरं ठेव. अगदी दुधी पांढरं नको, किंचित मोतिया चालेल. चांगला पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला चार-पंचमांश परत देतो, गडद चॉकलेटी दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तुमचा हॉल मुंबईच्या मापाचा आहे, आणि समोर दुसरी इमारत आहे. तिथे गडद भिंत एकच असावी, आणि तीही खिडकीच्या समोरची, म्हणजे तिच्यावर थेट उजेड पडेल. खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत गडद केलीस तर बाहेरच्या उजेडापुढे ती नुसती काळी दिसेल.

रात्रीचा उजेड तर आणखी महत्त्वाचा, आणि याकडे लोक अगदी शेवटी वळतात. बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो. 6500 चा पांढरा-निळसर उजेड गेरूला आणि सागाला मारून टाकतो. 2700 ते 3000 चा पिवळसर घे. दुसरा आकडा सीआरआयचा. तो 90 च्या पुढे असेल तर लाल-तांबूस छटा खऱ्या दिसतात. छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा लावण्यापेक्षा खाली, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर दोन-तीन दिवे ठेव. लिंपलेल्या भिंतीवर उजेड बाजूने आला की तिचे उंचवटे दिसतात, समोरून आला की भिंत सपाट होते.

तू लिहिलंस की एका भिंतीवर ‘वारली वॉलपेपर’ लावायचा विचार आहे. सोनू, तो लावू नकोस. आणि कुणाकडून लग्नचौक तर मुळीच काढून घेऊ नकोस. कारण सांगते.

चौक हे लग्नघराच्या भिंतीवर लिहायचं चित्र. सवासिनी लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाते, मध्ये पालघट देवी असते आणि शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. हे त्या लग्नातलं कार्य आहे. याच तालुक्यात एक काळ असा होता की लग्नासाठी जमीनदाराकडून काढलेल्या थोड्याशा पैशापायी नवराबायको दोघं जन्मभर त्याच्या घरी राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. 23 मे 1945 रोजी झरीला आदिवासींची मोठी सभा भरली, वेठबिगार आणि लग्नगडी पद्धत मोडायचं ठरलं, आणि त्यानंतर जे घडलं ते गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहून ठेवलंय. तू कॉलेजात असताना मी तुला ते पुस्तक दिलं होतं. तो चौक ज्या भिंतीवर उभा राहायचा तिच्यामागे एवढं होतं. टीव्हीच्या मागे लावायची ती गोष्ट नव्हे. तारपा नाच, भातलावणी, माडावर चढणारा माणूस, मुंग्यांची रांग, पावसात पळणारी पोरं, हे सगळं दिवाणखान्यात आनंदाने यावं. चौक लग्नघरातच राहू दे.

आणि वॉलपेपर का नको? कारण त्यात एकच माणूस छापून पन्नास वेळा येतो. हाताने काढलेल्या चित्रात दोन माणसं सारखी नसतात. तुझ्या तपकिरी भिंतीवर ती जिवंत पांढरी रेघ हवी असेल तर ती हाताचीच हवी.

ज्यांच्यामुळे ही रेघ जगाला कळली ते जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातले. 1934 साली तलासरीतल्या धामणगावात जन्मले आणि पुढे डहाणूतल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहिले. तोवर चित्रं लिहिणं सवासिनींचं काम होतं. हा पुरुष ते लग्नाबाहेर, रोजच्या रोज करायला लागला. 1970 नंतरच्या वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी सरकारी कामावर या पाड्यांमध्ये आले आणि त्यांनी चित्रं काढणाऱ्यांच्या हातात कागद दिला. तो कागद तपकिरी होता. भिंत उचलून मुंबईला नेता येत नव्हती, म्हणून भिंतीच्या रंगाचा कागद. ही निवड मला फार समंजस वाटते. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढायला सांगितलं असतं तर ती चित्रं कदाचित तिथेच संपली असती. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हशांचं प्रदर्शन झालं. पुढे ते कापडावर शेणाचा हात देऊन त्यावर पांढऱ्याने काढत. म्हणजे कापड कॅनव्हासचं असलं तरी तळ घरचाच.

1989 साली पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. 2003 साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांची चित्रं रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कामाशेजारी मांडली गेली. हा लाँग ब्रिस्टलचा. तिथल्या एव्हन नदीचा चिखल हाताने भिंतींवर लावून तो प्रचंड वर्तुळं करतो. एकाच्या गावात शेण-माती, दुसऱ्याच्या गावात नदीचा गाळ, आणि दोघांचं एका छताखाली जमलं. म्हशांना 2011 साली पद्मश्री मिळाली आणि मे 2018 मध्ये ते गेले. त्यांच्या हाताखाली आणि त्यांच्या पाठोपाठ तयार झालेले कितीतरी हात आज डहाणू-तलासरीत काम करतायत. 2014 मध्ये वारली चित्रकलेलाही भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा ‘कुठून आणू कलाकार’ हा प्रश्न तुला पडायला नको. मी इथे बसलेय.

भिंत कशी तयार करायची तेही लिहिते. तुमच्या भिंतीवर बिल्डरने प्लास्टिक पेंट दिलेला असेल. त्यावर माती धरत नाही, चुनाही धरत नाही. ती एक भिंत खरवडून सिमेंटच्या गिलाव्यापर्यंत न्यावी लागेल. मग दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग चुन्याचा. भिजवलेला चुना गाळून त्यात गेरू मिसळायचा आणि पातळ हात तीन-चार वेळा द्यायचे, प्रत्येक वेळी आधी भिंतीवर पाणी मारून. गेरू म्हणजे लोहाचा गंज. चुन्याच्या तिखटपणाने तो फिका पडत नाही. कितीतरी नाजूक रंग चुन्यात टिकत नाहीत, हा टिकतो. चुन्यात मिसळल्यावर गडदपणा मात्र कमी होतो, विटकरीचा फिका, धुरकट भाऊ तयार होतो. मला तो शुद्ध गेरूपेक्षा शहरातल्या घराला अधिक शोभतो असं वाटतं. चुना वाळल्यावर बराच उजळतो, म्हणून ओल्या भिंतीवरून मत बनवू नकोस. कोपऱ्यात हातभर जागेवर लावून दोन दिवस थांब. आणि चुना लावणाऱ्याने डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घालायलाच हवेत.

दुसरा मार्ग मातीच्या पातळ लिंपणाचा. चाळलेली माती, बारीक रेती, कापलेला पेंढा. तो अधिक सुंदर आहे, पण त्याला सवयीचा हात हवा आणि खालच्या गिलाव्याला टोचे मारून खरखरीत करावं लागतं, नाहीतर पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर याच्या वाटेला जाऊ नकोस. तांदळाच्या पिठाची रेघही शहरात टिकत नाही, झुरळं खातात. आता इथले चित्रकारसुद्धा विकायच्या चित्राला डिंक घातलेला पांढरा किंवा अ‍ॅक्रिलिक वापरतात, आणि त्यात काही वाईट नाही.

गेरूचीच एक गंमत सांगते. पिवळी माती, जिला आपण रामरज म्हणतो, ती भाजली की तिच्यातलं पाणी निघून जातं आणि ती लाल होते. पिवळ्याची लाल, आणि मँगनीज मिसळलेलं असेल तर गडद तपकिरी. कुंभाराचं मडकं, मंगलोरी कौल, वीट, सगळ्यांच्या रंगामागे हाच लोह आणि हीच आग आहे.

विटेचं नाव निघालं म्हणून. तू हॉलचेही फोटो पाठवलेस, त्यातल्या एका हॉलमध्ये उघड्या विटांची भिंत होती आणि तुला ती आवडलेली दिसली. भिंत छान आहे. पण वीट घेताना एवढं लक्षात असू दे की दिवाळी झाली की या जिल्ह्यातले कितीतरी पाडे ओस पडतात. माणसं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लहान मुलंही बरोबर जातात. माझ्या वर्गातल्या हजेरीपटावर दर वर्षी त्यांची घरं रिकामी पडायची, आणि पावसाळ्यात परत आलेलं पोर मागचं सगळं विसरलेलं असायचं. भिंतीची शोभा म्हणून कापलेल्या पातळ विटांचं कातडं चिकटवायचं असेल तर ते नको. जुन्या पाडलेल्या घराच्या विटा मिळाल्या तर त्या जरूर घे.

लाकडालाही हाच न्याय. नवा साग महाग आहे आणि बाजारात ‘सागाचं’ म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा वर सागाचा पापुद्रा आणि आत भुसा असतो. जोगेश्वरीला ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार तुझ्या घरापासून लांब नाही. तिथे मोडक्या घरांचे खांब, दारं, जुनी बाकं मिळतात. एखादं बर्माटिकचं जुनं बाक घासून घेतलंस की आतून जो मधाळ रंग निघतो तो कुठल्याही कार्डावर नाही. पुण्याचा विश्रामबाग वाडा 1807 चा. त्याच्या दर्शनी भागाचं कोरीव सागवान दोनशे वर्षांनंतरही बघत राहावंसं वाटतं, कारण जुनं होणं हा या लाकडाचा गुणच आहे. लॅमिनेट जुनं होत नाही, ते नुसतं खराब होतं.

लाकडावर चकचकीत पीयू पॉलिश मारून घेऊ नकोस. अळशीचं तेल दोन-तीन हात, मग मेण. डाग पडला तर तेवढाच घासून पुन्हा तेल लावता येतं. तेल लावलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवून किंवा पसरून, पूर्ण वाळवून मगच फेकायच्या. सुतारालाही आठवण करून दे.

बसायला आणि पायाखाली काय, याचं उत्तर सोपं आहे. दिवाणावर घोंगडी टाक. दख्खनी मेंढीची लोकर न रंगवता काळी-तपकिरी असते, आणि चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी वर्षानुवर्षं टिकते. सुरुवातीला टोचते, मग मऊ पडते. दारात काथ्याचं पायपुसणं, आत चटई. खिडकीला काथाच्या रंगात रंगवलेलं सुती कापड मिळालं तर बघ. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून काढलेला काथ विड्यात जातो तसा कापडातही जातो. एके काळी युरोपातले मच्छीमार शिडं आणि जाळी कुजू नयेत म्हणून हिंदुस्थानातून, ब्रह्मदेशातून नेलेल्या काथात ती बुडवत, आणि त्यांची बंदरं तांबूस तपकिरी शिडांनी भरलेली असत. कापड पातळच घे, उजेड आत आला पाहिजे. या सगळ्याच्या शेजारी एक पांढरीशुभ्र चादर किंवा उशी, आणि एक हिरवं झाड. तेवढं पुरे.

आईंना, म्हणजे तुझ्या सासूबाईंना, हा रंग गरिबीचा वाटतो असं तू लिहिलंस. त्यांना रागावू नकोस. इथे घरकुल मिळालेली माणसंही पहिल्यांदा पोपटी, गुलाबी, निळा रंग मारतात, आणि त्यांचा आनंद खरा असतो. ज्यांनी जन्मभर माती सारवली त्यांना गुळगुळीत निळी भिंत हवीशी वाटली तर तिला नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही. सासूबाईंना जपानची गोष्ट सांग. 1603 ते 1868 या एदो काळात तिथल्या राज्यकर्त्यांनी व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना भडक, भारी कपडे घालायला बंदी केली. तेव्हा त्या लोकांनी तपकिरी आणि करड्यातच इतक्या छटा काढल्या की ‘अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर करडे’ असा वाक्प्रचारच पडला. काही तपकिरींना तर काबुकी नटांची नावं मिळाली. त्यांच्यावर लादलेला रंग त्यांनी चोखंदळांचा रंग करून टाकला. आणि सासूबाईंच्या खोलीला त्यांना हवा तो रंग देऊन टाक, अगदी गुलाबीसुद्धा.

आता कामाचं. हॉलची लांबी-रुंदी, खिडकी कुठल्या दिशेला, आणि त्या एका भिंतीची उंची मला लिहून पाठव. पावसाळा संपून भिंती कोरड्या झाल्या की काम काढू. त्याआधी एकदा तुम्ही दोघं या. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल येते, पुढे तलासरीमार्गे उधव्याला यायला गाडी मिळते, नाहीतर मी कुणाला तरी घ्यायला पाठवीन. चित्र काढणाऱ्यांच्या पाड्यावर आपण बरोबर जाऊ. त्यांनी काय काढायचं ते त्यांनाच ठरवू दे, तू फक्त भिंत दाखव आणि घरात माणसं किती, काय करतात ते सांग. पैशांचं मी आधीच बोलून ठेवते. दिवसाची मजुरी नव्हे, चित्राचे पैसे द्यायचे, येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च वेगळा, आणि चित्राच्या कोपऱ्यात काढणाऱ्याची सही असेल. यात घासाघीस करू नकोस. बजेट कमी पडलं तर सोफा पुढच्या वर्षी घे.

तुझी,
मावशी